गवत, कायदा आणि पंचाहत्तर वर्षे

१० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी परवान्याशिवाय गवत कापले आणि अटक ओढवून घेतली. टिळकांच्या तालमीत तयार झालेला, केंद्रीय विधिमंडळात बसलेला यवतमाळचा हा नामांकित वकील पेंढीभर गवतासाठी तुरुंगात गेला. वऱ्हाडचा जंगल सत्याग्रह इथून सुरू झाला. पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे, पण १९०५ पर्यंत ते जुन्या वाशीम जिल्ह्याचा भाग होते. त्याच डोंगरपट्ट्यात, मानोरा तालुक्यात, पोहरादेवी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे असल्यामुळे देशभरचा बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. पुसदला ज्या गवतावरून खटले झाले, त्या गवतावर या समाजाच्या कित्येक पिढ्यांचा प्रपंच चालला होता. म्हणूनच वऱ्हाडच्या जंगलाचे धोरण कसे घडले हे पाहायचे तर पुसद आणि पोहरादेवी ही दोन्ही नावे एकत्र घ्यावी लागतात. या धोरणाच्या दीडशे वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सरकारला मागे रेटण्याचे बळ चळवळीत असते, पण कायद्यात कोणाला जागा मिळणार, हे कलमाचा शेवटचा शब्द लिहिला जाईपर्यंत कोण चिवटपणे बसून राहिले त्यावर ठरते.

जंगल खाते येण्यापूर्वी बंजाऱ्यांचा धंदा लदेणीचा होता. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे समुद्रकिनाऱ्यापासून दख्खनच्या आतल्या बाजारपेठांपर्यंत जात. सतराव्या शतकातला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. फौजांनाही त्यांच्यावाचून चालत नसे. १८०३ साली इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज वऱ्हाडात अडगावला लढली आणि गाविलगडावर चढली, तेव्हा तिच्या रसदेची मदार बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. एवढे बैल रोज जगवायचे तर वाटेवरचा चारा आणि पाणी मोकळे असावे लागते. वाशीमचा इंग्रज पोलीस अधिकारी कंबरलेज याने १८८२ साली बंजाऱ्यांची माहिती प्रसिद्ध केली. मोगल सरदार असफखान याने दख्खनच्या मोहिमेत तांड्यांच्या नायकांना पाणी आणि चारा हक्काने घेण्याची सनद दिली होती, ही समाजात चालत आलेली कथा त्याने नोंदवली. सनद खरी की दंतकथा, हा वाद तज्ज्ञांवर सोपवू. चारा हा आपला हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नाही, अशी या समाजाची समजूत होती एवढे त्यातून निश्चित कळते. आणि ती समजूत लिहून घेणारा अधिकारी पोलीस खात्याचा होता, यावरून सरकार तांड्यांकडे कोणत्या नजरेने पाहू लागले होते तेही कळते.

ही समजूत चार धक्क्यांनी मोडली. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रेल्वेने लदेणी संपवली आणि कापसाने गायराने नांगराखाली आणली. वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास करणारे इतिहासकार लक्ष्मण सत्य यांनी ही साखळी तपशिलाने मांडली आहे: कापसाचा पेरा वाढला तशी ज्वारी आणि चराई आकसली, गुरे रोडावली आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याची किंमत माणसांनी मोजली. धंदा गेलेले तांडे वाशीम-पुसदच्या डोंगराळ पट्ट्यात स्थिरावले आणि गुरे, मोळी, मजुरी आणि बरड जमिनीचा एखादा तुकडा यांवर जगू लागले. नेमक्या त्याच डोंगरांवर चौथा धक्का येऊन बसला, तो जंगल कायद्याचा.

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग केले. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड अजून निजामाचा मुलूख होता, म्हणून तिथे १८८६ साली वेगळा वन कायदा लागू झाला. त्यात इमारती लाकूड आणि सरपणाचे जंगल, चाऱ्याचे रमणे आणि चराईचे रान अशी वर्गवारी आली. कागदावर हे नीटनेटके दिसते. गुराख्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की काल जिथे गुरे सोडली तिथे आज पास लागतो, पासाला फी लागते आणि पास तपासायला नाकेदार उभा असतो. गाय हद्द ओलांडून राखीव रानात शिरली की तिची रवानगी कोंडवाड्यात होई. ती सोडवायची तर दंड भरायचा आणि जितके दिवस ती आत राहिली तितक्या दिवसांच्या खुराकीचे पैसेही भरायचे. पैसे आणायला उशीर झाला की रक्कम चढत जाई आणि मुदत टळली की जनावराचा लिलाव होई. १८७१ च्या कायद्याने देशभर घालून दिलेली ही पद्धत गरिबाला फार महागात पडे, कारण लिलावात जाणाऱ्या गायीबरोबर घरचे दूध आणि उद्याचा बैल दोन्ही जात. त्याच १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे काही प्रांतांत तांड्यांवर गुन्हेगारीचा शिक्काही बसला.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नव्हती. रेल्वेचे स्लीपर, सरक्या-रुईच्या कारखान्यांचे सरपण आणि ठेकेदारांची कुऱ्हाड यांनी मध्य हिंदुस्थानातली सागवानाची जंगले झपाट्याने उतरत होती. आवर घातला नसता तर आज उरले आहे तेही उरले नसते, असे वन खात्याचे समर्थक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. प्रश्न आवर कोणाला घातला हा आहे. जंगल उतरवले ते रेल्वेने आणि बाजाराने, आणि पास मात्र गुराख्याला लागला. दुसरा मार्ग सुचत नव्हता, असेही म्हणता येत नाही. पहिले वन महानिरीक्षक डिट्रिश ब्रँडिस हे गावांना त्यांची स्वतःची जंगले द्यावीत या मताचे होते. वन अधिकारी बेडन-पॉवेल यांना सगळे जंगल सरकारी हवे होते. मद्रासच्या महसूल अधिकाऱ्यांनी तर गावांचे हक्क असे हिरावून घेता येणार नाहीत म्हणून विरोधच केला. १८७८ च्या कायद्यात बेडन-पॉवेलचा पक्ष जिंकला आणि ग्रामवनाचे कलम बहुतांशी कागदावर राहिले. बाहेरूनही आवाज उठत होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने कायद्याला विरोध केला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गावची गायराने गिळणाऱ्या जंगल खात्याला धारेवर धरले. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून सरकारच्या आत मतभेद होते आणि बाहेर विरोध होता. तरीही कायदा झाला तो एकाच बाजूचा, कारण ज्यांची गुरे कोंडवाड्यात जाणार होती त्यांच्यापैकी कोणीच त्या चर्चेत नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३० साल उजाडले. ६ एप्रिलला गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, पण वऱ्हाडला समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यातल्या खारपाणपट्ट्यात, दहीहंड्याला, विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ तयार करून कायदा मोडण्यात आला. वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी त्यात होते. पण पावसाळा तोंडावर आला होता, आणि मिठाचा जाच वऱ्हाडी शेतकऱ्याला जंगलाच्या जाचाइतका रोज टोचत नव्हता. तेव्हा मोडायला दुसरा कायदा शोधावा लागला आणि तो घरासमोरच होता. गवताची निवड मोठी धोरणी होती. झाड तोडले तर नासधुशीचा आरोप येतो. पावसाळ्यात पुन्हा उगवणाऱ्या गवतावर तसा आरोप करता येत नाही, आणि गवत कापणाऱ्याला तुरुंगात टाकणारे सरकार मात्र लोकांच्या नजरेत क्षुद्र ठरते.

अण्यांच्या अटकेनंतर हे लोण भराभर पसरले. २१ जुलैला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह केला आणि त्यांना अकोल्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. मध्य प्रांतात, बत्तीस शिराळ्याच्या बिळाशीत, संगमनेरच्या डोंगरांत लोक जंगलात शिरले. शिस्तीने ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या तुकडीने, पोलिसांना आगाऊ कळवून गवत कापायचे ही पुढाऱ्यांची कल्पना होती. गावांनी ती आपल्या परीने वाढवली. बैतुलच्या बाजूला गोंड आणि कोरकू हजारोंच्या संख्येने उतरले. त्यांच्या लेखी तो प्रतीकात्मक कायदेभंग उरला नव्हता, ते आपले रान परत घेत होते. कुलाबा जिल्ह्यात चिरनेरला २५ सप्टेंबरला गोळीबार झाला. त्यात सत्याग्रही पडले आणि मामलेदारही मारला गेला. सिवनी जिल्ह्यात तुरियाला ऑक्टोबरमध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी गावकऱ्यांचे बळी घेतले. पुसदला एका वकिलाने कापलेली पेंढी तीन महिन्यांत इतक्या दूर पोचली.

आणि मिळाले काय? ५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरते मीठ करण्याची सवलत मिळाली. जंगलाबाबत, गवताबाबत काहीच मिळाले नाही. हे अपघाताने घडले नव्हते. सत्याग्रहापूर्वी, जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या होत्या. त्यांत मिठावरचा कर होता, शेतसारा निम्मा करण्याची मागणी होती, दारूबंदी होती, पण जंगल कायदा नव्हता. वाटाघाटीच्या मेजावर जे आधीपासून मांडलेले नसते ते शेवटी पदरात पडत नाही. यावर कोणी म्हणेल, जंगल सत्याग्रह स्वराज्यासाठी होता, त्याला चाऱ्याच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. स्वराज्याच्या हिशेबात तो यशस्वी झाला यात शंका नाही. सरकारचा धाक गेला, गावे राजकारणात आली. पण हा आक्षेपच मूळ मुद्दा सिद्ध करतो. गवत हे साधन होते, साध्य दुसरे होते. साध्य हाती आले तेव्हा साधन बाजूला पडले आणि १८७८ च्या कायद्याच्या जागी आलेला १९२७ चा वन कायदा स्वतंत्र भारताने जसाच्या तसा चालू ठेवला.

किंबहुना तो अधिक घट्ट झाला. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने बजावले की जंगलाशेजारी राहतात म्हणून गावांच्या गरजा राष्ट्राच्या हितापुढे ठेवता येणार नाहीत. राष्ट्राचे हित म्हणजे व्यवहारात कागद गिरण्यांचा बांबू आणि इमारतींचे सागवान. याच १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला आणि त्यात नोंदलेले समाज विमुक्त झाले. एकीकडे शिक्का पुसला गेला, पण दुसरीकडे चराईचा पास कायम राहिला. पुढे तर पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातून आलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी आली आणि १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजनेने बंडिंग, पाझर तलाव, वृक्षलागवड यांची कामे गावोगाव उभी केली. माती आणि पाणी राखण्याचे सरकारी धोरण गरिबाच्या मजुरीशी जोडता येते, हे महाराष्ट्राने देशाला दाखवले. त्यामागेही दुष्काळात रस्त्यावर उतरलेल्या मोर्च्यांचा रेटा होता. पण जंगलाच्या मालकीला या धोरणाने हात लावला नाही. नाईकांच्याच कारकिर्दीत, १९७४ साली, वनविकास महामंडळ निघाले ते सागवानाची व्यापारी लागवड वाढवण्यासाठी. आपल्या समाजाचा माणूस सर्वोच्च खुर्चीवर बसला म्हणजे आपल्या प्रश्नाचे कलम आपोआप बदलते असे नाही, हा त्या काळाचा धडा आहे.

धोरणाचा रोख बदलला तो विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत. १९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे राहिले, बाबा आमटे त्यात होते. धरणे मागे पडली. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने तिथे थांबायचे नाकारले. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने अभ्यास गट चालवले, कायदे वाचले, ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावली. देशपातळीवरही अशीच चिकाटी दिसली. मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जंगलातली अतिक्रमणे हटवण्याचे फर्मान काढले, तेव्हा ठिकठिकाणच्या संघटनांनी निषेध केलाच, पण पर्यायी कायद्याची मागणीही लावून धरली. १३ डिसेंबर २००५ रोजी विधेयक संसदेत आले. व्याघ्रप्रेमींचा विरोध, किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालची संयुक्त समिती, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या, आणि वर्षभराने, डिसेंबर २००६ मध्ये वनहक्क कायदा मंजूर झाला. २००९ साली मेंढा-लेखाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या परवान्यासाठी अणे तुरुंगात गेले तो आता गाव स्वतः फाडणार होते.

या विजयाच्या कागदातही एक फट आहे, आणि ती थेट पोहरादेवीच्या परिसराशी येऊन भिडते. मूळ विधेयक फक्त अनुसूचित जमातींसाठी होते. इतर वननिवासींना संयुक्त समितीच्या शिफारशीने जागा मिळाली, पण अटीसह: १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन सिद्ध करायचे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो, म्हणून ही अट त्याला लागू होते. पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेले की तोच समाज अनुसूचित जमात आहे आणि तिथे पंचाहत्तर वर्षांची अट नाही. आता तारीख मोजा. १३ डिसेंबर २००५ मधून पंचाहत्तर वजा केले की १३ डिसेंबर १९३० येतो, पुसदच्या सत्याग्रहानंतर पाच महिन्यांनी. ज्या वर्षी राखीव रानात गवत कापणे हा गुन्हा होता, त्या वर्षी आपले आजोबा त्याच रानावर जगत होते याचा पुरावा आज नातवाने आणायचा आहे. लदेणी मोडून नुकत्याच स्थिरावलेल्या, एका डोंगरावरून दुसऱ्यावर सरकणाऱ्या तांड्याची तेव्हाची नोंद सापडली तर बहुधा दंडाच्या किंवा पोलिसाच्या वहीत सापडेल.

अट नसती तर काल-परवाच्या अतिक्रमणदारांनी जंगल लुटले असते, हा तिच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद हलका नाही. पण अतिक्रमण रोखायला २००५ ची अंतिम तारीख आहेच, आणि ती आदिवासींनाही बांधते. पंचाहत्तर वर्षांच्या अटीने तिच्यात भर पडते ती फक्त कागद नसलेल्या खऱ्या वननिवासींना बाहेर ठेवण्याची. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो हे खरे, पण १९३० चा साक्षीदार आज कुठून आणायचा? दुसरा मार्ग म्हणून बंजारा समाज अनुसूचित जमातीचा दर्जा मागतो, २०२५ च्या सप्टेंबरात त्यासाठी मोठे मोर्चेही निघाले. आदिवासी संघटनांचा त्याला विरोध आहे आणि आपल्या वाट्याच्या जागा कमी होतील ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे. चराईचा प्रश्न मात्र या भांडणात गुंतवण्याची गरज नाही. जंगलावरचा हक्क वापरातून येतो, जातीच्या दाखल्यातून येऊ नये. पंचाहत्तरऐवजी वाजवी मुदत ठेवली तर कोणाच्याही राखीव जागेला धक्का न लावता हा प्रश्न सुटू शकतो.

रामनवमीला पोहरादेवीत लाखोंचा समुदाय जमतो. सर्व पक्षांचे पुढारी तिथे हजेरी लावतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. लदेणीच्या इतिहासाला सरकारी इमारत मिळाली, हे चांगलेच झाले. पण ज्या चाऱ्यावर ती लदेणी चालली, त्या चाऱ्याची मागणी या व्यासपीठावरून कोणत्या सरकारपुढे कलमाच्या भाषेत ठेवली गेल्याचे दिसत नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांनी वनहक्काच्या दाव्यांबाबत सरकारकडून लेखी आश्वासन घेतल्याशिवाय मैदान सोडले नाही. वन कायदा कडक करणारा २०१९ चा केंद्राचा मसुदा देशभरच्या विरोधामुळे त्याच वर्षी मागे घ्यावा लागला. सरकार हलते, याचे दाखले ताजे आहेत. पुसदच्या सत्याग्रहींनी धाडस दाखवले, पण मागणीची यादी दुसऱ्याने केली होती. मेंढा-लेखाने यादी स्वतः केली. पोहरादेवीत जमणाऱ्या समाजाकडे संख्या आहे, सत्तेपर्यंत पोच आहे आणि हक्काचा इतिहासही आहे. आता तांड्या-तांड्याच्या ग्रामसभेने सामूहिक चराईचे दावे भरावेत आणि पंचाहत्तर वर्षांच्या अटीची दुरुस्ती स्वतः लिहून खासदारांच्या हाती द्यावी. दुसऱ्या कोणी लिहायची वाट पाहिली तर काय होते, ते १९३१ च्या करारात वाचायला मिळते.